वांगं पेरा म्हणणारं मशीन

कापूस घरात आला की तो फक्त ढिगात राहत नाही, हे आमच्याकडे कोणाला सांगावं लागत नाही. ढीग बाजारात गेला तरी पुढे कित्येक दिवस कपाटामागे, समईखाली, पोळपाटावरसुद्धा त्याचे पुंजके सापडत राहतात. किश्शांचंही तसंच आहे बघा. दिवस निघून जातात आणि हे पुंजके कोपऱ्यात साचत राहतात. दुपारी झाडू घेऊन बसलं की एक हाती लागतो, त्याला चिकटून दुसरा येतो.

हे सगळे पुंजके एकाच खोलीतले. ऐंशीचं दशक संपत आलं होतं, तेव्हाची वर्ध्यातली गोष्ट. एका जुन्या सरकीच्या गोदामात कॉम्प्युटरचा वर्ग निघाला होता. दोन मशीन, एक कूलर, खिडक्यांना जाड पडदे. मी तिथे अटेंडंट होते. घंटा वाजवायची, माठ भरायचा, कूलरमध्ये पाणी टाकायचं आणि फ्लॉप्या पोळ्यांच्या डब्यात झाकून ठेवायच्या, हे माझं काम. बाहेर ऊन नुसतं भाजायचं आणि आत हिरव्या अक्षरांचा उजेड. गोदामाच्या फटींतून राहिलेला कापूस हळूहळू उडत त्या उजेडात यायचा, आणि क्षणभर हिरवा होऊन परत अंधारात जायचा. मला वाटायचं, आपण पाण्याच्या तळाशी बसलो आहोत.

*

वर्ग घेणारे ढोके सर जेमतेम तीस वर्षांचे. वर्ध्याजवळच्या देवळीचे, पण मुंबईला शिकून आलेले. माझी मुलगी मंगल बारावी झाली होती. तिला वर्गात बसू द्या, असं विचारायला मी तिला घेऊन गेले.

"नाव काय तुझं?" सरांनी तिला विचारलं.

"मंगल," मी म्हणाले.

"शिक्षण?"

"बारावी सायन्स. गणितात चांगली आहे," मी म्हणाले.

सरांनी चष्मा काढून पुसला. "ही बोलते ना पण?"

"बोलते ना सर! खूप बोलते!" हेही मीच म्हणाले.

मंगलला प्रवेश मिळाला. पण खरी अडचण सर पुढे वर्षभर माझ्याजवळ बोलून दाखवत होते. ती दोन्ही मशीन पुण्याच्या एका कंपनीनं वर्षभरासाठी दिली होती. वैशाखात तिथले साहेब येणार, मुलांनी केलेलं काम बघणार आणि त्यांच्यातल्या एकाला पुण्याला नोकरीवर नेणार, असं ठरलं होतं. "ती जागा मंगलची आहे, मावशी," सर म्हणायचे. "पण साहेब प्रश्न विचारतील. तेव्हा हिनं तोंड उघडलं पाहिजे."

"उघडेल की सर," मी म्हणायची. तेव्हाही मंगल शेजारीच उभी असायची!

*

काम काय करायचं, तर शेतकऱ्यांसाठी माहिती देणारं मशीन. कळ दाबून पीक निवडायचं आणि त्याचं कधी काय करायचं ते पडद्यावर वाचायचं. मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत.

सर मुंबईहून प्रोग्रॅम लिहिण्याच्या एका नव्या पद्धतीच्या पुस्तकाच्या झेरॉक्स घेऊन आले होते. त्या अजून त्यांनाही पुरत्या कळलेल्या नव्हत्या. रात्री वाचायचे आणि सकाळी शिकवायचे. मी दाराशी बसून ऐकायची.

"कळ दाबली, ही झाली घटना. इव्हेंट," सर सांगत होते. "अशी घटना घडली की काय करायचं, ते कोणाला तरी आधीच सांगून ठेवायचं. तो हँडलर. बाकी वेळ त्यानं गप्प बसून राहायचं."

"म्हणजे मी घंटा वाजवली की गजानन डबा उघडतो, तसं?" मी विचारलं.

"त्याला कोणी सांगून ठेवलेलं नाही, मावशी!"

गजानन मागच्या बाकावरून म्हणाला, "सांगाले कायले पाह्यजे सर? पोटात बसूनच हाये तो हँडलर!"

हा गजानन म्हणजे देवळीकडच्या कापूसवाल्याचा पोरगा. रोज एसटीनं यायचा. तोंडाचा फाटका, पण मनानं साफ.

*

मग दुसरा धडा आला, वारशाचा. 'पीक' नावाची एक आई करायची. पिकांना जे सगळ्यांना सारखं लागतं ते तिच्याजवळ लिहून ठेवायचं, जसं लावणीला PERA, म्हणजे पेरा. मग वांगं, कापूस, संत्रा या तिच्या लेकी. आईजवळ आहे ते लेकींना आपोआप मिळतं. जिचं काही वेगळं असेल तिच्यापुरतं तेवढंच लिहायचं. मला हे फार आवडलं. आम्ही भाजीवाले. आमच्या वाडीत एका वाफ्याला कळतं ते दुसऱ्याला सांगावं लागत नाही.

वांगं मंगलनं लिहिलं, कापूस गजाननानं. संत्राही त्याच्याकडेच दिला होता. आर्वीकडचे एक संत्रावाले गृहस्थ सहज बघायला आले, तर सरांनी मोठ्या हौसेनं त्यांना कळ दाबायला सांगितलं. पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली. संत्रा तीनदा वेचा. उन्हात वाळवा. सरकी वेगळी काढा!

गृहस्थांनी दोनदा वाचलं. "सर," ते फार हळू म्हणाले, "आमच्याकडं अशी पद्धत नाई."

गजाननानं संत्र्याला 'पीक' या आईकडे दिलंच नव्हतं. सरळ कापसाची लेक केलं होतं, म्हणून कापसाचं सगळं संत्र्याला मिळालं. सर चिडले की मुंबई विसरून वऱ्हाडीवर यायचे. "काऊन बे? संत्रा कापसातून काऊन काढला?"

गजानन उभा राहिला. "सर, आमच्या घरी सारं कापसातूनच निघते! पुस्तकं निघाले, बहिणीचं लगन निघालं. मले वाटलं, संत्राही निघन!"

*

एकदा मदतीची कळ चालेना. ती दाबली की पडद्यावर मदतीची चौकट उघडायला हवी आणि परत दाबली की मिटायला हवी. पण कितीही दाबा, चौकट येईच ना. पडदा नुसता डोळा मिचकावल्यासारखा करायचा. सरांनी तीन दिवस घालवले.

चौथ्या दिवशी खूप उकडत होतं. सर ओरडले, "कूलर लावा कोणीतरी!" मी दारातून धावले, गजानन बाकावरून धावला. मी बटण दाबलं, त्याच दमात त्यानंही दाबलं. कूलर घरघरला आणि थांबला. आम्ही दोघं आपापल्या जागेवर येऊन बसलो, काम केल्याच्या समाधानात!

सर घाम पुसत त्या बंद कूलरकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मदतीच्या कळेवर हँडलर कोणी लावला?"

"मी," गजानन म्हणाला.

मंगलनं मान खाली घातली. तिनं आठवडाभर आधीच लावला होता. म्हणजे एकदा कळ दाबली की एक हँडलर चौकट उघडायचा आणि दुसरा लगेच मिटायचा.

"अगं, मग सांगायचं नाही का? तीन दिवस मी इथे..."

"तिले वाटलं सर, तुमाले माहीत असन," मी म्हणाले.

सरांनी माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. उठले आणि कूलर लावला.

*

आमच्या वर्गात राऊत बाई होत्या. देवळीच्या शाळेतून गणित शिकवून निवृत्त झालेल्या. "मरायच्या आधी हे काय आहे ते मला बघायचं आहे," म्हणून त्या आल्या होत्या. सर आणि गजानन, दोघंही त्यांचे सातवीतले विद्यार्थी.

चूक सापडेना की सर सगळा प्रोग्रॅम छापून काढत. लांबच लांब भोकांचा कागद निघायचा. तो व्हरांड्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत अंथरायचा आणि सर हातात पेन्सिल घेऊन त्याच्या काठाकाठानं चालायचे. वाऱ्यानं कागद उडू नये म्हणून एकेकानं कडेवर बसायचं. निंबाची सावली त्या अक्षरांवर हलायची. दूर स्टेशनातून गाडी सुटल्याचा आवाज यायचा, आणि सर एकेक ओळ वाचत यायचे, जसा एखाद्यानं शेताचा धुरा, म्हणजे बांध, बघत यावा.

राऊत बाई बसल्या की पाच मिनिटांत त्यांचा डोळा लागायचा. रोज तीच जागा, तिसऱ्या खांबाजवळ.

एक चूक चार दुपारी सापडली नाही. पाचव्या दुपारी बाई आल्या नाहीत, नातीला घेऊन दवाखान्यात गेल्या होत्या. सर तिसऱ्या खांबाजवळ आले आणि मटकन खालीच बसले. चूक तिथे होती. चार दिवस बाई तिच्यावर झोपल्या होत्या!

दुसऱ्या दिवशी बाई रागावल्या. "अरे, मग मला उठवायचं नाही का?"

गजानन म्हणाला, "बाई, तुमाले उठवाची हिंमत सातवीतही नोती!"

*

याच बाईंचा आणि माझा डब्याचा किस्सा. मी त्यांना वाडीतल्या वांग्यांची भाजी दिली. रिकामा डबा परत करू नये, म्हणून त्यांनी त्यात चिवडा घालून पाठवला. डबा त्यांचा की माझा, हे पुढे कोणाला आठवेना, पण भरलेला आला तर रिकामा कसा पाठवायचा? मी सांडगे दिले. त्यांनी मुरंबा. मी ठेचा. त्यांनी लाडू. बारा दिवस तो डबा व्हरांड्यातून येत-जात होता. दोघीही मनातून दमलो होतो. पण आधी थांबायचं कोणी?

त्याच दिवसांत मशीन मध्येच अडकून पडायचं. पडद्यावर काही बदललं की खालच्या ओळीत त्याची नोंद करायची, असं सरांनी सांगून ठेवलं होतं. नोंद केली की मशीन गोठून जायचं, बंद करूनच चालू करावं लागायचं.

बाराव्या दिवशी मी डबा घेऊन निघाले तर सरांनी मला दारात थांबवलं. "मावशी, हा डबा कधी थांबणार?"

"कसा थांबेल सर? आला की पाठवायचा."

"आला की पाठवायचा," सर पुटपुटले. "पाठवला की तिकडे आला. आला की..." त्यांचे डोळे कुठेतरी दूर गेले. खालच्या ओळीत नोंद केली की पडदाच बदलत होता. पडदा बदलला, की परत नोंद!

सरांनी माझ्या हातातून डबा घेतला, तिथेच उभं राहून त्यातल्या तिन्ही पुरणपोळ्या खाल्ल्या, डबा धुतला आणि स्वतःच्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. "थांबला," म्हणाले.

राऊत बाईंनी त्यांना मनापासून आशीर्वाद दिला.

*

चैत्र संपत आला आणि सगळ्यात मोठं संकट आलं. सरांनी सगळं नीटनेटकं करायचं म्हणून पिकांना एकाच रांगेत उभं केलं. प्रत्येकीला वेगळं नाव घेऊन विचारायचं नाही. सगळ्यांना 'पीक' म्हणूनच हाक मारायची, ज्या क्रमांकाची कळ दाबाल ती लेक आपलं उत्तर देईल. पुस्तकात तसंच होतं म्हणे.

पण कोणतीही कळ दाबा, उत्तर एकच. PERA. कापसाला पेरा, ठीक आहे. संत्र्याला पेरा. वांग्याला पेरा! वांगं कोणी थेट वावरात पेरतं का? रोप करायचं, महिन्यानं उपटून लावायचं. मंगलनं तिच्या भागात ROP LAVA असं स्पष्ट लिहिलं होतं. सरांनी ते पन्नासदा तपासलं, पुसून परत लिहिलं. मशीन आपलं म्हणे, पेरा.

"तुझंच काहीतरी चुकतंय, मंगल," सर शेवटी वैतागून म्हणाले. तिनं आपला भाग पुन्हा वाचला. घरी गेल्यावर ताटावर बसून म्हणाली, "आई, माझं बरोबर हाये वो." "मग सांगत काऊन नाई सरांले?" मी म्हणाले. "मी सांगीन उद्या." हे 'मी' म्हणजे मीच.

साहेब यायला चार दिवस राहिले होते. सरांनी कागद गुंडाळून ठेवला आणि आम्हालाच व्हरांड्यात उभं केलं. "आज आपण मशीन व्हायचं. मावशी, तुम्ही 'पीक'. आई. तुमच्यामागे रांगेत गजानन कापूस, राऊत बाई संत्रा, मंगल वांगं. मी घंटा वाजवून ज्याच्यासमोर उभा राहीन त्यानं लावणीचं सांगायचं. मी हाक मात्र 'पीक' अशीच मारणार."

माझी घंटा सरांच्या हातात. मला जरा चुकल्याचुकल्यासारखंच वाटत होतं.

सर गजाननासमोर उभे राहिले. टण्! "पीक, लावणी कशी?" गजानन ओरडला, "पेरा!"

बाईंसमोर. टण्! "कलम लावा," बाई म्हणाल्या, निकाल सांगावा तशा.

मंगलसमोर. टण्! "पीक, लावणी कशी?"

"पेरा!" मी म्हणाले.

"मावशी, मी तिला विचारतोय." परत टण्! "पीक, लावणी कशी?"

"पेरा," मी म्हणाले. तोंडातून निघूनच गेलं.

"मावशी! वांग्याला पेरा?"

"नाही सर, वांग्याचं रोपच लावतात. पण तुम्ही 'पीक' म्हणून हाक मारली, आणि ती काही बोलत नाही. मग कोणीतरी बोलायला नको का? मी आई आहे. माझ्याजवळ जे होतं ते मी सांगितलं."

सर घंटा तशीच हातात धरून उभे राहिले. निंबाचा बारीक फुलोरा त्यांच्या केसांवर पडत होता. मग ते एकदम आत धावले.

आम्ही मागे गेलो. सरांनी मंगलच्या भागाला हातही लावला नाही. आईचा भाग उघडला, आणि तिच्या एका ओळीच्या सुरुवातीला इंग्रजीत एकच शब्द लिहिला. तो मला अजून नीट म्हणता येत नाही. कळ दाबली. हिरव्या अक्षरांत उमटलं, ROP LAVA.

"पंधरा दिवस मी लेकीला तपासत होतो," सर म्हणाले. "तिचं सगळं बरोबर होतं. आईच्या ओळीत लिहून ठेवावं लागतं, की माझी लेक हजर असेल तर तिला बोलू द्या. लेकीनं स्वतः कितीही वेळा लिहिलं तरी उपयोग नाही. ते आईनंच लिहायचं असतं."

मी कूलरमध्ये पाणी टाकायला गेले. बादली भरून वाहायला लागली तरी मी नळ बंद केला नव्हता.

*

आणि मग साहेब आले.

पांढरा शर्ट, बारीक आवाज, मराठी पुण्याचं. सगळ्या कळा दाबून बघितल्या. मदतीची चौकट उघडली आणि मिटली. संत्र्याचं कलम लागलं, वांग्याचं रोप लागलं. मी चहाचा ट्रे घेऊन दाराशी उभी होते. साहेबांसाठी खास वर्ध्याचा गोरसपाक, तुपातलं जाड कोरडं बिस्कीट, आणला होता, बशीत दोन. ज्यांनी खाल्ला आहे त्यांना माहीत आहे, तो पाण्याशिवाय उतरत नाही.

साहेब मंगलकडे वळले. "हे वांग्याचं उत्तर आधी चुकत होतं असं सर म्हणाले. कशानं चुकत होतं?"

मंगलनं मान खाली घातली. कूलरचा आवाज तेवढा येत होता. कापसाचा एक पुंजका पडद्यासमोर आला आणि हिरवा झाला. सर माझ्याकडे बघत होते. गजानन माझ्याकडे बघत होता. राऊत बाईसुद्धा जाग्या होत्या. आणि उत्तर तर माझ्या जिभेवर आलेलं, ओठ उघडलेच होते मी.

मी साहेबांच्या बशीतला अख्खा गोरसपाक उचलून तोंडात कोंबला.

साहेबांनी बशीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी कशीबशी चावत होते. डोळ्यांत पाणी आलं होतं. आणि त्या शांततेत पलीकडून आवाज आला, मंगलचा.

"चूक आईत होती, सर."

साहेब खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले. त्यांनी पुढचं विचारलं, तिनं सांगितलं. त्यांनी आणखी विचारलं, तिनं तेही सांगितलं. डब्याचं सांगितलं, कूलरचं सांगितलं, रांगेचं सांगितलं. मध्ये तर ती चक्क हसली. वर्षभर तिच्या आत किती साचलं होतं ते मी तेव्हा ऐकलं.

मग साहेब उठले आणि माझ्याकडे वळले. "काय हो आई, मुलगी हुशार आहे. पण एकटीला पुण्याला पाठवाल का?"

याचं उत्तर मी वर्षभरापासून तयार ठेवलं होतं. हिच्या वडिलांना विचारावं लागेल, नात्यातलं कोणी तिथे नाही, पुढच्या वर्षी बघू. सगळं पाठ होतं. आणि पहिला गोरसपाक एव्हाना उतरून तोंडही मोकळं झालं होतं. बशीत दुसरा होता. मी तोही उचलला.

मंगलनं माझ्याकडे बघितलं. मग साहेबांकडे.

"आईचं तोंड भरलेलं आहे, सर," ती म्हणाली. "मी सांगते."